एका साडीचे तीन रंग

(आंधळगाव, तालुका मोहाडी. कोशाच्या साडीवर दोन फोन वाकलेले. मामा विणकर. भाचा नागपुरात शिकलेला, म्हणजे सल्ल्याला तयारच.)

मामा : भाचेबुवा, गिऱ्हाईकीन पुन्याची आहे. रंग आहे तसाच गेला पायजे.

भाचा : आहे तसा कोणताच फोन काढत नाही, मामाजी. हा फोटो तुमच्या फोनचा, हा माझ्या.

मामा : (एक पाहून) बरा आहे. (दुसरा पाहून) हाबी बराच आहे.

भाचा : असं नाही. शेजारी शेजारी धरा.

मामा : अरे बाप्पा! हा कोसा, अन् हे तं मैद्याचं पोतं! मंघानी काहून नाई दिसलं?

भाचा : एकटा फोटो असला की डोळा सांभाळून घेतो. जोडीला दुसरा आला की पितळ उघडं पडतं. (भंडारा जिल्ह्यात दुसरं काय उघडं पडणार!)

मामा : पन माह्या फोननं असं केलं काहून?

भाचा : बल्बाखाली पांढरा कागद पिवळा दिसू नये म्हणून फोन उजेडाचा रंग वजा करतो. इथं सगळीकडे कोसाच. त्याला वाटलं, हा पिवळेपणा उजेडाचा. पुसला.

मामा : ऐनाचा पाला खाऊन किडा कोसा करते. रंग त्याच्या घरचा. हा पुसनारा कोन?

भाचा : माझा फोन उलट रंग चढवतो. वर चार-पाच फोटो मिळून एक करतो अन् सुताच्या गाठी गुळगुळीत करतो.

मामा : गाठी गेल्या? मंग पावरलूमचं म्हनून भाव पाडंल ना थे!

भाचा : बाजूला पांढरं काही ठेवा. फोनला हिशेब लागतो.

मामा : घे, माहं धोतर.

भाचा : मामाजी, याला नीळ किती! फोननं निळा वजा केला, कोसा केशरी आला.

मामा : नीळ मामीच्या हातची. मी बोलत नाई.

भाचा : तसाही गिऱ्हाइकाच्या फोनचा पडदा भडक असला तर पुण्यात आणखी वेगळंच दिसेल.

मामा : तिन्ही पाठव. जो पटंल थो खरा.

(पाठवले. उत्तर लगेच.)

भाचा : म्हणते, तिन्ही रंग आवडले. तिन्ही साड्या पाठवा.

मामा : (मागाकडं पाहत) विचार, दोन मंडईच्या जत्रेनंतर चालतीन का?