लिंकांचा दरवान

अचलपूरचा माणूस दरवाजांच्या बाबतीत जरा चोखंदळ असतो. एलिचपूर या नावानं हे गाव इमादशाहीची राजधानी होतं. परकोट ठिकठिकाणी ढासळला, तरी दुल्हा दरवाजा अजून पाय रोवून उभा आहे. अशा गावात राहून संगणकावर येणारी प्रत्येक लिंक एकाच ब्राउझरमध्ये घुसावी, हे मला पटेना. काही सरकारी अर्ज क्रोमियमशिवाय पुढे सरकत नाहीत, बँक मी फायरफॉक्समध्येच उघडतो, आणि परतवाड्याचे काकाजी पहाटे सुविचारांचे व्हिडिओ धाडतात. त्यांना कुठे बसवायचं?

लिनक्समध्ये यावर उपाय आहे, आणि तो लिनक्सला शोभेल इतका आडवळणाचा आहे. टेलिग्राममधल्या लिंकवर टिचकी मारली की ‘एक्सडीजी-ओपन’ला हाक जाते. ते ‘माइमॲप्स डॉट लिस्ट’ नावाची फाइल चाळतं. तिथे एचटीटीपीएसपुढे ज्या ‘डॉट डेस्कटॉप’ फाइलचं नाव असेल, तिच्या हवाली लिंक होते. मी तिथे ब्राउझरऐवजी आपला दरवान बसवला, म्हणजे बॅशची इवलीशी स्क्रिप्ट. पत्ता बघायचा, बँक असेल तर फायरफॉक्स, यूट्यूब असेल तर एमपीव्ही हा व्हिडिओ प्लेअर, तेही आवाज बंद ठेवून.

पथ्य एकच. अनोळखी लिंक थेट एखाद्या ब्राउझरला द्यायची, पुन्हा एक्सडीजी-ओपनकडे पाठवायची नाही. ते तिला दरवानाकडे धाडतं, दरवान परत त्याच्याकडे, आणि सरकारी कचेरीत टेबलं फिरल्याचं सुख घरबसल्या मिळतं.

शिवाय दरवान वेशीवरच बसतो. ब्राउझरच्या आत शिरलेली लिंक पुढे कुठल्या गल्लीत वळते, हे त्याला कोणी सांगत नाही. आखूड केलेल्या लिंका तर मे महिन्यात तोंडाला दुपट्टा बांधून निघाल्यासारख्या येतात. आत बँक आहे की काकाजी, कसं ओळखावं?

काकाजी घरी आले तेव्हा हे सगळं कौतुकानं दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवला.

“म्हंजे मी धाडलेला व्हिडिओ तू मुकाच पाह्यतं?”

“तसं नाही काकाजी. इथं म्यूटपुढच्या येसचं नो केलं का आवाज येते.”

“मंग कर ना बाप्पा! अन् एवढा खटाटोप कायले? मले तर बोटानं दाबलं का उघडते.”

केलं. तपासून पाहू म्हणून काकाजींनी बसल्या जागेवरून सात व्हिडिओ धाडले आणि सगळे उघडायला लावले. एमपीव्ही प्रत्येकाला नवी खिडकी देतो. सातही सुविचार एकदम बोलू लागले.