हलक्या कानाचा

माझ्या फोनच्या पडद्यावर, बॅटरीच्या चित्राशेजारी, ऐन आषाढात हेडफोनचं एक एवढंसं चित्र उगवलं. हेडफोन तेव्हा पुण्यात होता. चिरंजीव हॉस्टेलवर जाताना चार्जर, माझी धड असलेली एकमेव छत्री आणि हेडफोन असा ऐवज बरोबर घेऊन गेले होते. मी ठाण्यात, फोन माझ्या हातात, त्याचं हेडफोनचं भोक उघडंबोडकं. पण फोनचं म्हणणं ठाम होतं की हेडफोन लावलेला आहे. पेन्शनरानं खिडकीसमोर स्वतः उभं राहावं आणि आतल्या कारकुनानं हयातीचा दाखला मागावा, तसा प्रकार. कागदोपत्री हेडफोन होता. वस्तुस्थितीला कोणी विचारत नव्हतं.

तेव्हापासून फोनमधला सगळा आवाज त्या नसलेल्या हेडफोनच्या स्वाधीन होऊ लागला. यूट्यूबवर गायक नुसते तोंड उघडायचे आणि मिटायचे. पाण्याच्या टाकीबद्दल सोसायटीच्या सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलेलं लांबलचक भाषण संपूर्ण शांततेत पार पडलं. इथवर माझी काही तक्रार नव्हती. पंचाईत व्हायची ती कॉल आल्यावर. घंटा खणखणीत वाजायची, कारण घंटा आणि गजर हे हेडफोन लावलेला असला तरी बाहेरच्या स्पीकरवरही वाजतात. मालक हेडफोन टेबलावर टाकून स्वयंपाकघरात गेला असला तरी त्याला कळावं, असा फोन बनवणाऱ्यांचा सुज्ञ विचार. म्हणजे फोन मला हाक मारायचा, मी धावत जायचो, आणि मग तो मौनव्रत धरायचा.

मी आवाज वाढवायचं बटण दाबत राहिलो. एका टप्प्यावर फोनलाच माझी काळजी वाटली. पडद्यावर सूचना आली की फार वेळ मोठ्या आवाजात ऐकल्यास श्रवणशक्तीला इजा होऊ शकते. तरीही आवाज वाढवायचा का? टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता, आणि हा माझ्या कानांना जपतोय! मी ‘ठीक आहे’ दाबलं आणि त्याच शांततेत, पण आता स्वतःच्या जबाबदारीवर, बसून राहिलो.

कॉल चालू असताना स्पीकरचं बटण दाबलं की आवाज येतो, हा शोध बायकोनं लावला. त्या बटणापुढे हेडफोनचं काही चालत नाही. प्रश्न सुटला, असं आम्हाला वाटलं.

त्या रात्री मिरजेच्या आत्याचा फोन आला. आत्या ऐंशी ओलांडलेली, आवाज सनईला लाजवणारा.

“एकटाच आहेस ना?” आत्यानं विचारलं.

“आत्या, अगं फोन स्पीकरवर...”

“तेच म्हणते मी. टाकू नकोस स्पीकरवर. तुझ्या आईच्या कानावर गेलं तर उगाच वाईट वाटेल तिला. तिनं मला मुंजीत साडी दिली होती बघ, ती मी देऊन टाकली. रंग बघवेना रे!”

एव्हाना आतल्या खोलीतला टीव्ही बंद झाला होता. आई दारात उभी होती.

“बघवेना?” आई म्हणाली. “ती साडी हिनंच मला वास्तुशांतीला दिली होती!”

मिरजेत क्षणभर शांतता. “कोण बोललं रे?”

“टीव्ही,” मी म्हणालो.

त्यानंतर आमच्या घरातल्या संध्याकाळींना वेगळंच तेज चढलं. जेवणं वेळेवर उरकू लागली. आत्याची वेळ झाली की आई लसूण सोलायला हॉलमध्येच बसायची, बायको इस्त्रीचे कपडे तिथेच आणायची, आणि वरच्या मजल्यावरचे काका रोजचा पेपर परत द्यायला नेमके त्याच सुमारास यायचे. कोणाची जमीन कोणी परस्पर नावावर केली, कोणाचं लग्न जमता जमता का फिसकटलं, आमच्या लग्नात जिलब्या खरोखर कमी पडल्या होत्या की कोणी बाजूला काढून ठेवल्या होत्या, असे कित्येक वर्षं तुंबलेले विषय मार्गी लागले.

घराबाहेर मात्र हे प्रकरण महागात पडायला लागलं. ठाण्याहून निघालेल्या लोकलमध्ये मी दाराजवळ लोंबकळत असताना साहेबांचा फोन आला.

“कुठपर्यंत आलात?”

“दादर येतंय, सर.”

तेवढ्यात डब्यातली बाई त्रिवार सांगून मोकळी झाली, मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत, की पुढचं स्टेशन मुलुंड. साहेबांनी त्याकडे दुर्लक्ष केलं, कारण त्यांच्या मनात दुसरंच काहीतरी होतं. “हे बघा, तुमच्या इन्क्रीमेंटचं या वर्षी जरा कठीण दिसतंय,” ते म्हणाले. अख्खा डबा गप्प झाला. मग बाकावरचे तिघे सरकले आणि मला चौथी सीट मिळाली. त्या वेळच्या गर्दीत ठाण्याला चढलेल्या माणसाला मुलुंडच्या आत टेकायला मिळणं म्हणजे काय, ते मध्य रेल्वेवाल्यांना सांगायला नको. समोरच्या गृहस्थांनी मला “लेखी मागून घ्या” असा सल्ला दिला. दुसरे म्हणाले, “यांच्यात दम नाही.” दोघंही बरोबर होते.

मला राहून राहून अकिओ मोरितांची आठवण यायची. 1979 साली सोनीनं पहिला वॉकमन बाजारात आणला, तेव्हा त्याला हेडफोनची दोन भोकं ठेवली होती. सोबत माणूस असताना एकट्यानंच गाणी ऐकत बसणं उद्धटपणाचं दिसेल, अशी कंपनीच्या या अध्यक्षांना धास्ती होती. म्हणून दोघांनी मिळून ऐकायची सोय. वर एक नारिंगी बटण, दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि दोघांना एकमेकांशी बोलता यायचं. लोकांनी त्या दुसऱ्या भोकाकडे ढुंकून पाहिलं नाही आणि पुढच्या मॉडेलांतून ते गेलं. ज्याला त्याला आपापलं ऐकायचं होतं. माणसाला माणसापासून तोडणारी वस्तू म्हणून हेडफोनची पुढे पुष्कळ निंदा झाली. मोरितांना आमच्या हॉलमध्ये आणून बसवायला हवं होतं. एक हेडफोन, तोही हजर नसताना, चौघांना एका सतरंजीवर आणत होता.

पुढे पाऊस वाढला आणि फोनचं दुखणंही. मधूनच गाणं आपोआप सुरू व्हायचं, ऐकू अर्थात यायचं नाही. रात्री पडदा उजळायचा आणि ‘मी काय मदत करू?’ अशा अर्थाचं काहीतरी त्यावर उमटायचं. आत्या ऐन रंगात आली असताना कॉल तुटायचा. “कट केलास?” आत्या पुन्हा फोन करून विचारायची. आईचं मत पडलं की फोनला बाहेरचं काहीतरी लागलंय.

तसं ते बाहेरचंच होतं, पण निराळं. हेडफोनच्या वायरवरची बटणं फोनला शब्दांत काही सांगत नाहीत. ती फक्त विजेच्या वाटेतला अडथळा बदलतात. अँड्रॉइडच्या हिशेबात 240 ओहम म्हणजे आवाज वाढव, 470 म्हणजे कमी कर, 135 म्हणजे मदतनिसाला उठव, आणि शून्याच्या आसपास म्हणजे फोन उचल किंवा ठेव. भोकात ओल साचली की तिचाही काहीतरी अडथळा असतोच, आणि तोही घटकेघटकेला बदलणारा. मग आषाढातली ओल बटणं दाबत बसते आणि फोन निमूटपणे तिचे हुकूम पाळतो. इतका हलक्या कानाचा प्राणी मी नात्यातसुद्धा पाहिलेला नाही.

उपचार सुरू झाले. आईनं फोन तांदळाच्या डब्यात खुपसायला सांगितला. कोलम चालेल की इंद्रायणी, यावर घरात चर्चा झाली. तांदळाचं हे प्रस्थ इतकं वाढलंय की 2024 साली खुद्द अ‍ॅपलला, ओला फोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन बिघाड होईल, असं सांगावं लागलं. मी हे आईला ऐकवलं. “त्यांच्याकडे तांदूळ निवडून घेत नसतील,” आई म्हणाली. बायकोनं हेअर ड्रायर आणला. त्यानं फोन तापला आणि तापल्याची निराळी सूचना आली. वरच्या काकांचा भर फुंकरीवर होता. त्यांनी छाती भरून एक फुंकर घातली आणि माझ्या फोनच्या पोटात जी थोडी जागा कोरडी उरली होती तीही ओली केली. मग ते टाचणी शोधू लागले, तेव्हा मी फोन काढून घेतला. टाचणी कचरा बाहेर काढत नाही, आत ठासते, आणि आतली नाजूक पट्टी वाकवून ठेवते ते वेगळंच.

फोनमधला एफएम रेडिओ मात्र खूश होता. रेडिओला हेडफोनची वायर एरियल म्हणून लागते. एरवी तो ‘आधी हेडफोन लावा’ म्हणून अडून बसतो. आता मागताक्षणी सुरू व्हायचा आणि स्पीकरवर नुसती खरखर ऐकवायचा. काकांना ती लहानपणच्या क्रिकेट कॉमेंट्रीची आठवण वाटली. ते ऐकत बसले.

तेवढ्यात चिरंजीवांचा पुण्याहून सल्ला आला: “बाबा, हेडफोन घालून काढा. घालून काढा. आतले काँटॅक्ट घासले जातात.” सल्ला उत्तम होता, पण घालायचा हेडफोन सल्लागाराच्याच कानात होता. म्हणजे आपल्याकडे हेडफोन नाही हे फोनला पटवण्यासाठी मला हेडफोन विकत घेणं आलं. स्टेशनबाहेरून शंभर रुपयांचा घेतला, लावला आणि अहाहा! गायकांना कंठ फुटला, कॉल ऐकू येऊ लागले, रेडिओसुद्धा लागला. हेडफोन आत असेपर्यंत फोनचं वागणं चोख. बाहेर काढला की पुन्हा तेच चित्र, तेच मौन. हेडफोन असताना फोन खरं बोलत होता, नसतानाही तेच बोलत होता. एरवी मी याला बाणेदारपणा म्हटलं असतं.

अधिकृत सेवाकेंद्रात टोकन घेऊन बसलो. तिथल्या टापटीप तरुणानं फोन आत नेला आणि आणून सांगितलं की आतला पांढरा ठिपका लाल झालाय. पाण्याचा थेंब लागला की लाल व्हावा असा एक ठिपका फोन बनवणारे आत चिकटवून ठेवतात. त्यामुळे वॉरंटी संपली आणि बोर्ड बदलावा लागेल. बोर्डाची किंमत ऐकून माझ्याही अंगावर तसलेच ठिपके उठले असावेत.

शेवटी स्टेशनच्या पुलाखालचा मोबाईलवाला गाठला. दुकान म्हणजे एक काचेचं कपाट आणि त्याच्यामागे बसलेला मुलगा. “साहेब, जॅक आहे, दुसरं काही नाही,” तो भिंगातून बघत म्हणाला. मग त्यानं मला समजावून सांगितलं. जॅकच्या आत एक स्प्रिंगची पट्टी असते. हेडफोनची पिन आत शिरली की ती पट्टी ढकलली जाते, आणि त्यावरूनच फोन ओळखतो की पाहुणा आला. फोन डोळ्यांनी बघत नाही. पट्टी हलली की त्याचं समाधान होतं. आता ती खिशातल्या धाग्यांनी अडली असेल, नाहीतर पावसाच्या दमटपणानं तिथे हिरवट गंज धरला असेल, तरी फोनच्या लेखी पाहुणा बसलेलाच.

या पिनेचं घराणं मोठं. 19व्या शतकाच्या अखेरीस टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बायका एकाची लाइन दुसऱ्याला जोडायला जी जाड पिन भोकात घालत, तिचीच ही 3.5 मिलिमीटरची नात. म्हणजे दोन माणसांचं बोलणं तिसऱ्याच्या हातून जाणं ही या घराण्याची परंपराच आहे. आमच्या आईनं ती फक्त पुढे चालवली.

मुलानं फोन बंद केला. चिमट्यानं आतून करड्या रंगाची एक गुठळी ओढून काढली. माझ्या बहुतेक सगळ्या पँटींचा त्यात वाटा होता. मग बारीक ब्रशावर साफ करायचं अल्कोहोल घेऊन आत फिरवलं, ते उडेपर्यंत हवा मारली, वायर तुटलेली एक जुनी पिन आतबाहेर केली आणि फोन चालू केला. चित्र नाहीसं झालं होतं. “दीडशे द्या,” तो म्हणाला. मी शंभरावर अडलो, तेव्हा ‘साहेब’चा ‘काका’ झाला. दीडशे दिल्यावरही त्यात बदल झाला नाही.

2016 साली अ‍ॅपलनं आयफोन 7 मधून हे भोकच काढून टाकलं, तेव्हा त्यांच्या एका बड्या अधिकाऱ्यानं व्यासपीठावरून त्याला ‘धैर्य’ म्हटलं होतं. लोक हसले होते, मीही हसलो होतो. पण खरं धैर्य लागतं ते दुरुस्त झालेला फोन घेऊन घरी जायला.

त्या रात्री आत्याचा फोन आला आणि मी तो कानाला लावला. हॉलमध्ये सभा भरलेली होतीच. मी “हो... हो... काय सांगतेस!... नाही, नाही, कोणाला नाही” असं बोलत होतो आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. फोन ठेवला.

“काय म्हणाल्या आत्या?” बायकोनं विचारलं.

“काही नाही.”

“एवढा वेळ काही नाही?” आई म्हणाली. “अहो” न म्हणता बायको आत गेली. काकांनी पेपर परत न देता तसाच नेला.

दुसऱ्या दिवशी जेवताना ठराव आला की आत्याचा फोन स्पीकरवरच घ्यायचा. तो माझं मत न विचारता एकमतानं मंजूर झाला. चोरून ऐकवणं मला पटेना, म्हणून रात्री मी आत्याला स्वच्छ सांगून टाकलं की आई, ही आणि वरचे काका, सगळे ऐकताहेत.

आत्या थोडी थांबली. “मग असं कर,” ती म्हणाली, “पाच मिनिटांनी लाव. मी मुद्दे काढून ठेवते. आणि वहिनीला सांग, साडीचा विषय शेवटी घेऊ.”