सोंडे आणि ठेवीदार

राळेगणसिद्धीला अण्णा हजारे यांनी १९८० साली यादवबाबांच्या देवळात धान्य बँक काढली. ज्याला जास्त पिकलं त्याने ठेवायचं, ज्याला कमी पडलं त्याने न्यायचं आणि पुढच्या सुगीला वर थोडं घालून परत करायचं. गोष्ट इतकी सरळ, की पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावालाही ती ग्रामसभेत पटली. पटली म्हणजे सगळ्यांचे हात वर गेले. गोदाम कोण सांभाळणार, असं विचारल्यावर तेवढ्याच चपळाईने खाली आले. मी नेमका तेव्हा डोकं खाजवत होतो.

तेव्हापासून देवळामागची पत्र्याची खोली माझ्याकडे आहे. आत परखी, तराजू, दाभण, सुतळी आणि एक मांजर. पगार दोघांनाही नाही, पण कामाचं काही तोंडात पडतं ते मांजराच्याच. जिल्ह्याचं नाव बदलून अहिल्यानगर झालं, तरी बारदान जुनं असल्यामुळे आमची पोती अजून अहमदनगरचीच आहेत.

हात बघून माणूस सांगणारे असतात, मी पोतं बघून सांगतो. ठेवीदार पोत्याचं तोंड सोडतो, मालदांडीची ओंजळ भरतो आणि म्हणतो, "मोती हायेत मोती!" मोती वरच्या वितीपुरतेच. परखी मधोमध खुपसली, की खडे, कोंडा आणि गेल्या सालचे सोंडे सहकुटुंब बाहेर पडतात. एका आबांना ते तळहातावर घेऊन दाखवले. आबा शांतपणे म्हणाले, "किडं लागलं म्हंजी औषध मारल्यालं न्हाई, येवढं तर मान्य कर." सेंद्रिय शेतीचा इतका चालता-फिरता पुरावा कृषी खात्याकडेही नसेल.

याला अपवाद आमचे नाना. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून त्यांनी लाल मिलो आणि सुकडीवर दिवस काढले. मिलोचं नाव काढलं, की ते आजही जबडा चाचपतात. त्यांची ज्वारी पाखडलेली, निवडलेली, आत कडुलिंबाचा पाला आणि बिबा. नानांचं पोतं मी थप्पीत सगळ्यात खाली ठेवतो, म्हणजे ते लवकर कुणाला देता येत नाही. गोदामवाल्याला एवढी चैन हवीच.

नेणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. बाजरी दिवाळीच्या आगेमागे घरात येते, ज्वारी फाल्गुनात. तेव्हा सगळ्यांचंच पिकलेलं, त्यामुळे भाव पडलेला. आणि उधारी, दवाखाना, लग्न एकदमच दारात. शेतकरी मिळेल त्या भावाने विकून मोकळा होतो आणि आषाढात तसंच धान्य चढ्या भावाने विकत आणतो. हा फेरा चुकवायला तर बँक. पण "घरातलं संपलं" हे शब्द आमच्या गोदामात आजवर कुणी उच्चारले नाहीत. आषाढ लागला, की आमच्या गावाला फक्त पाहुणे येतात. एक काकू ठरल्याप्रमाणे दारात उभ्या राहतात. "पुण्याचे पाहुणे आलेत रे, दे दोन पायल्या." पुणेकर एवढी ज्वारी खातात, याची पुण्याला कल्पना नसावी. मी वहीत कारणाच्या रकान्यात 'पाहुणे' लिहितो आणि माप जरा सैल हाताने भरतो.

ती सैल मुठीतली तूट चैत्रात समितीपुढे निघते. ओल, उंदीर, सांडलवंड ही माझी नेहमीची उत्तरं. उंदीर म्हटलं, की समिती मांजराकडे बघते. अशा वेळी मला मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवतात. दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारं रयतेला खुली केली, तेव्हा पांडुरंग स्वतः थैली घेऊन बेदरला गेला आणि चोख पैसे भरून पावती घेऊन आला, अशी कथा आहे. आमच्या समितीपुढे तो अजून आलेला नाही. पंढरपूर तसं लांब पडतं.

काकू मात्र ज्वारी निघाल्यावर आल्या. डोक्यावर गाठोडं, त्यात नेलेलं सगळं आणि वर शीग लावून.

"काकू, पाहुणे गेले वाटतं?"

"गेले की. मोजून घे नीट," त्या म्हणाल्या. "आखाडात परत येतो म्हणालेत."