इतर (कृपया नमूद करा)

जुन्या वास्तू आणि पुरावस्तू यांच्या नोंदीसाठी ठरलेल्या शब्दांची यादी असावी, याला माझा विरोध नाही. यादी नसली की काय होतं ते गावोगाव दिसतं. दगडाचं, जुनं आणि आत जरा अंधार असलेलं कुठलंही देऊळ हेमाडपंती असतं. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२चं, म्हणजे इ.स. १०६०चं, शिलाहारांच्या राज्यातलं. हेमाद्रीपंडित यादवांच्या दरबारात आला तो त्यानंतर तब्बल दोनशे वर्षांनी. पण देऊळ हेमाडपंतीच. चुना न वापरता दगडावर दगड बसवला की झालं हेमाडपंती, अशीही व्याख्या सांगतात; त्या हिशेबाने माझ्या मामाच्या शेताची ताल यादवकालीन ठरते.

हेमाडपंताच्या हातून जे सुटलं ते पांडवांनी एका रात्रीत उरकलं. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताने आपण किती गाई दिल्या, किती गावं दिली, विणकरांच्या श्रेणीकडे भिक्षूंसाठी किती कार्षापण ठेव ठेवली आणि तिच्यावर काय दराने व्याज ठरलं, हे सगळं भिंतीवर कोरून घेतलं आहे. एवढी कागदपत्रं पूर्ण असूनही मिळकत पांडवांच्या नावावर.

तेव्हा यादी हवीच. अमेरिकेत गेटी संस्थेचा कला आणि वास्तुकलेचा शब्दकोश आहे. त्यात प्रत्येक संज्ञेला घराणं आहे: वरची व्यापक संज्ञा कोणती, पोटातल्या कोणत्या, समानार्थींपैकी मान कोणाचा, आणि खाली अर्थाचा खुलासा. ड्रम म्हणजे वाजवायचा वेगळा, खांबाचा दंडगोल तुकडा वेगळा आणि घुमटाखालची गोल भिंत वेगळी. तिघांच्या नोंदी स्वतंत्र, तिघांना क्रमांक स्वतंत्र. हे वाचताना मला परक्याच्या घरातलं लावलेलं कपाट पाहिल्यासारखं होतं.

आमच्या वाट्याला मात्र एक फॉर्म आला आहे. कोणत्या कचेरीचा ते सांगत नाही. पुढचं काम त्यांच्याकडेच आहे. संगणकावरच भरायचा. प्रत्येक रकान्यात बाण दाबला की पर्यायांची यादी उघडते आणि तिच्याबाहेरचं काही लिहिता येत नाही. शेवटचा पर्याय ‘इतर’. तो निवडला की ‘कृपया नमूद करा’ अशी नम्र सूचना येते आणि नमूद करायला वीस अक्षरांची जागा मिळते.

वाड्यापासून सुरुवात केली. ‘खोल्यांची संख्या’ हा रकाना रिकामा सोडता येत नाही. देवडी ही खोली आहे का? ओसरीला तीनच बाजू, तिला पाऊण धरायचं का? आणि वाडा मोजायचा तो खणांत, दोन खांबांमधल्या अंतरात. पाच खणी सोपा म्हटलं की सुताराला तुळयांचा हिशेब लागलीच कळतो. फॉर्मला चौरस मीटर हवेत. ते दिले. मग फॉर्मने विचारलं, ‘वापर: निवासी / व्यापारी / धार्मिक’. पुढच्या बाजूला झेरॉक्सचं दुकान, माजघरात भाडेकरू, मागच्या चौकात म्हसोबा. तिन्हींवर खूण केली तर ‘एकच पर्याय निवडा’ असं तांबड्या अक्षरांत आलं. म्हसोबाला निवडलं. त्याच्याशी वाद नको.

देवळाकडे वळलो तर तिथे शब्द भरपूर, आणि अडचण तीच. कलश शिखरावर असतो. भिंतीच्या पायथ्याशी खुर, कुंभ यांच्यावर जो गोलसर थर फिरतो, तोही कलशच. वीरगळाच्या माथ्यावर कलश. पूजेच्या तांब्याच्या भांड्यांतही कलश. आमच्या यादीत या चौघांना मिळून एक ‘कलश’ आहे. आता तालुक्यातले कलश शोधा म्हटलं की संगणक शिखर, पायथा, स्मारकशिळा आणि पूजेचं तबक एकाच रांगेत आणून उभं करतो आणि खाली एकूण बेरीजही देतो. ती बेरीज अहवालात जाते.

गाभाऱ्यातल्या मूर्तीबद्दल ‘सामग्री’ हा रकाना आहे: पाषाण, धातू, लाकूड, माती. मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर. नाक, हात, आयुधं सगळं आत. आतला देव कोण हे गुरवालाही ठाऊक नाही, आणि विचारलेलं त्याला आवडत नाही. डोळ्यांना दिसत होतं ते प्रामाणिकपणे ‘इतर: शेंदूर’ असं भरलं. बाहेरच्या नंदीचं ‘इतर: ऑइलपेंट’. दोन्ही नोंदी ‘सामग्री अमान्य’ म्हणून परत आल्या, तेव्हा ‘पाषाण’ लिहिलं. आत पाषाण आहे, ही आता शासकीय माहिती आहे.

शेवटी गद्धेगाळ. वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा लेख, खाली गाढव आणि स्त्री. हे दान जो मोडील त्याच्या आईचं काय होईल, हे वाचता न येणाऱ्यालाही समजावं म्हणून केलेली सोय. कोकणात शिलाहारांच्या मुलखात अशा शिळा पुष्कळ. यादीत मात्र एकही नाही. ‘वस्तुप्रकार’मध्ये ‘शिल्प’ निवडलं. ‘प्रसंग’ या रकान्यात पर्याय होते पूजा, युद्ध, नृत्य, मिरवणूक. बराच वेळ विचार करून ‘इतर’वर आलो, आणि वीस अक्षरांत नमूद करण्यासारखं जे होतं ते कचेरीतल्या बाईंना वाचायला लागेल म्हणून नमूद केलं नाही. ‘विषय’ या रकान्यात ‘पाळीव प्राणी’ मिळालं. एवढाच काय तो फॉर्मने दिलेला हात.

पुढचा प्रश्न, ‘वस्तू मूळ जागी आहे का?’ नाही. पाण्याच्या टाकीचा पाया खणताना ती काढून हौदाला टेकवली आहे. बायका तिच्यावर गोधड्या आपटतात. ‘नाही’ म्हटल्याबरोबर नवा रकाना उघडला: ‘हलवणाऱ्या व्यक्तीचे नाव’. नाव सगळ्या गावाला माहीत आहे. सरपंच शेजारीच उभे होते, त्यांनी शिळेच्या खालच्या भागाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, ‘‘तिथं ‘अज्ञात’ टाका.’’