वेग, उंची आणि साहेबाचे ओटे

आधुनिक पर्यटनशास्त्रात अनुभवापेक्षा पुराव्याला वरचा मान मिळाला असून विजयदुर्गास जाणे आणि विजयदुर्गास गेल्याचे सिद्ध करणे या दोन स्वतंत्र क्रिया मानल्या जातात. पहिलीसाठी तळेरे तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्ग सोडून पन्नासेक किलोमीटर वळणे घेतली की पुरते. दुसरीसाठी नुसती चित्रफीत पुरत नाही, तिच्यावर आकडे लागतात. हे आकडे चढवणाऱ्या संगणकप्रणालीस व्यवहारात ‘टेलिमेट्री ओव्हरले’ म्हणतात. टेलिमेट्री म्हणजे दूरमापन, अर्थात उपकरणाने स्वतःच्या स्थितीगतीची क्षणोक्षणी ठेवलेली नोंद. आणि ओव्हरले म्हणजे ती नोंद तबकड्या, आलेख व नकाशे यांच्या रूपाने चित्रावर पसरणे, इतकी की कोपऱ्यात उरलेला किल्ला हा मूळ विषय होता, अशी शंकादेखील प्रेक्षकास येऊ नये.

या शास्त्राचा इतिहास अल्प असला तरी घटनाबहुल आहे. गोप्रो कंपनीने २०१६ च्या हिरो५ ब्लॅक या कॅमेऱ्यात जीपीएस बसवला आणि तेव्हापासून चित्रफितीच्या पोटातच अक्षांश, रेखांश, उंची, वेग व धक्के यांचा एक अदृश्य पदर शिवला जाऊ लागला. २०२३ च्या हिरो१२ मधून कंपनीने जीपीएस काढून टाकला आणि २०२४ च्या हिरो१३ मध्ये तो परत आणला. मधल्या काळात तो कॅमेरा घेणाऱ्यांना आपण कोठे होतो हे केवळ स्वतःपुरते ठाऊक असण्याच्या हलाखीत दिवस काढावे लागले.

या पदरातील सर्वांत प्रामाणिक घटक म्हणजे त्वरणमापक, जो कॅमेऱ्यास बसलेला धक्का गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजतो. वळणावर दुचाकी किती कलली याचा थरार दाखवणे हे त्याचे अभिप्रेत कार्य होय. परंतु मुंबईहून निघालेल्या स्वाराच्या आलेखात सर्वांत उंच सुळके रायगड जिल्ह्यात उगवले आणि त्यांचा वळणांशी काडीचा संबंध नसला, तरी जाणकारास त्याचे नवल वाटत नाही. २०११ मध्ये सुरू झालेल्या त्या महामार्गाच्या चौपदरीकरणाचा सेकंदाला सुमारे दोनशे नोंदी करणारा हा लेखापरीक्षक विनावेतन काम करतो, आणि बहुधा म्हणूनच त्याचा अहवाल कोणी मागवत नाही. वेगाच्या तबकडीची उपयुक्तता याहून अधिक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८३ खाली अतिवेगाचा गुन्हा शाबीत करण्यासाठी पूर्वी झाडाआड उभ्या राहिलेल्या हवालदारास यंत्र रोखून धरावे लागे. आता आरोपी स्वखर्चाने तारीख, वेळ, स्थळ व वेग मोठ्या अक्षरांत छापून, खाली पार्श्वसंगीत घालून, पुरावा जगजाहीर करतो आणि वर तो आवडल्यास कळवा असेही विनवतो.

उंचीच्या आकड्याची कथा मात्र विस्ताराने सांगण्याजोगी आहे. जीपीएस मुळात उंची मोजतो ती समुद्रसपाटीपासून नव्हे, तर विवृत्तजापासून, म्हणजे पृथ्वीचा आकार म्हणून गणितज्ञांनी कल्पिलेल्या गुळगुळीत, किंचित चपट्या गोलापासून. खरी समुद्रसपाटी या कल्पित पृष्ठाच्या कोठे वर तर कोठे खाली असते आणि कोकण किनाऱ्यावर ती साठेक मीटर खाली आहे. ज्या कॅमेऱ्यात वा प्रणालीत ही दुरुस्ती केलेली नसते, तिच्या हिशेबाने विजयदुर्गाच्या धक्क्यावर उभा असलेला पर्यटक समुद्राखाली साठ मीटरवर असतो. त्यातच किल्ल्याच्या तिहेरी तटबंदीच्या पायथ्याने चालताना उंच भिंतीमुळे अर्धे आकाश झाकले जाते, उपग्रहांचे संदेश दगडावर आपटून उशिरा पोहोचतात आणि नकाशावरील ठिपका सरकत सरकत वाघोटन खाडीत उतरतो. परिणामी चित्रात टोपी घातलेला गृहस्थ जांभ्या दगडावर घाम पुसत असतो आणि तबकड्यांनुसार तोच गृहस्थ खाडीच्या तळाखालून ताशी चार किलोमीटर वेगाने मार्गक्रमण करीत असतो. किल्ल्याजवळच्या पाण्याखालील भिंतीचा अभ्यास करण्यासाठी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना पाण्यात उतरावे लागले होते; पर्यटकाने तीहून खोल मजल पायातले मोजे न भिजवता मारली आहे.

याच किनाऱ्यावर जीपीएसचा एक जुना वापरकर्तावर्गही आहे, तो मासेमारी होड्यांच्या तांडेलांचा, पण तांडेलाची रीत अगदी उलटी. मासळीची चांगली जागा सापडली की तो तिचे अक्षांश-रेखांश यंत्रात टिपून ठेवतो आणि शेजारच्या होडीवाल्याने विचारले तर हाताने मोघम पश्चिमेकडे दाखवतो. ज्या आकड्याला किंमत असते तो चित्रावर चिकटवत नाहीत, हे त्याला कोणत्याही प्रणालीच्या माहितीपुस्तिकेवाचून कळलेले आहे.

तज्ज्ञांच्या मते ओव्हरलेतील खरी मेख मात्र समकालनाची, म्हणजे चित्राचा क्षण आणि आकड्याचा क्षण जुळवण्याची आहे. जीपीएसचे घड्याळ ६ जानेवारी १९८० पासून एकही लीप सेकंद न घेता चालत असल्याने ते जागतिक प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. भारतीय वेळ त्या प्रमाणवेळेपुढे साडेपाच तास. आणि त्यातला अर्धा तास विसरला गेला की गिर्ये येथे चहा पिणारा स्वार पडद्यावर ताशी ऐंशीच्या वेगाने चहा पितो. यासाठी प्रणालीत एक सरकपट्टी दिलेली असते, जी मागेपुढे करून दोन्ही प्रवाह जुळवता येतात.

विजयदुर्गास या विद्येची ओळख कॅमेऱ्यांच्या फार पूर्वीपासून आहे. किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’, म्हणजे ग्रहण पाहण्याच्या दुर्बिणींसाठीचे चौथरे, हे चित्र. त्यावर चढवलेली माहिती अशी की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी येथून हेलियमचा शोध लावला. वस्तुतः त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूर येथे निरीक्षण करीत होते आणि लॉकियर भारतातच नव्हते. सूर्याच्या ज्वालांमधील हेलियमची पिवळी रेषा त्यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, ग्रहणाची वाट न पाहता, इंग्लंडातून तपासली. ते विजयदुर्गास आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, ‘मेलपोमिनी’ या युद्धनौकेवरील नौसैनिकांना मदतीस घेऊन, आणि तोपर्यंत विल्यम रॅमझे यांनी १८९५ साली प्रयोगशाळेत, पृथ्वीवरच्या खनिजातून, हेलियम मिळवलेलाही होता. चित्र खरे, आकडेही खरे, केवळ सरकपट्टी २९ वर्षे, ५ महिने आणि ४ दिवस हलायची राहून गेली आहे.

ती हलवण्यास विरोध होण्याचे वास्तविक कारण दिसत नाही, कारण ऑगस्टात साजऱ्या होणाऱ्या हेलियम दिनास विजयदुर्गावर सूर्य सहसा ढगांआड असतो, समुद्र खवळलेला असतो आणि खोल्या रिकाम्या असतात. तर २२ जानेवारी हा दिवस निरभ्र आकाशाचा आणि ऐन हंगामातला असून त्याला जोडून दोन-चार दिवसांत प्रजासत्ताक दिनाची सुटीही येते. लॉकियर यांनी तारीख निवडताना खाणावळवाल्यांची जी सोय पाहिली, ती अद्याप त्यांच्या ध्यानात आलेली नाही.