शहाण्यांनी टाळलेला वेडेपणा

सायबर सुरक्षेत करिअर करायचं म्हणणाऱ्या मुलांची शहाणी आखणी आता ठरून गेली आहे. कॉलेजात असतानाच सीईएच, पाठोपाठ सीएचएफआय, नोकरी लागली की सीआयएसएसपी, अशी एकामागून एक प्रमाणपत्रं. घरचे खूश, क्लासवाले त्याहून खूश. मला मात्र एका वेडेपणाची स्तुती करायची आहे, आणि त्यातला शब्दन् शब्द मनापासून आहे.

हा वेडा मुलगा एक जुना पेनड्राइव्ह घेऊन बसतो. त्यात फोटो टाकतो, पुसतो आणि ऑटोप्सी या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने तेच फोटो पुन्हा शोधतो. शोधण्याआधी राइट ब्लॉकर (पेनड्राइव्हवर काहीही लिहिलं जाऊ न देणारं उपकरण) लावून पेनड्राइव्हची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत घेतो, मुळाची आणि प्रतीची हॅश, म्हणजे डेटावरून निघणारा डिजिटल ठसा काढतो. एसएचए-२५६ची ६४ अक्षरं तंतोतंत जुळली तरच पुढे जातो. मग ब्लॉकर काढून एका फाइलमध्ये एकच स्वल्पविराम वाढवतो, पुन्हा हॅश काढतो. आता सगळा आकडाच वेगळा! प्रत्येक पायरी वेळेसकट वहीत लिहितो. "अरे, परीक्षा कधी देणार?" या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं.

या वहीची किंमत कोर्टात कळते. जालन्याच्या २०१४च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत आला की नाही, यावर वाद झाला. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाचा, सीडीवरचा. पण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली लागणारा दाखला मागूनही मिळाला नाही. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मूळ उपकरण हजर नसेल तर दाखला सक्तीचाच, असा निकाल २०२०मध्ये लागला. पण मागणाऱ्याने शक्य ते सगळं करूनही दाखला मिळाला नाही, म्हणून या प्रकरणात सूट मिळाली. १ जुलै २०२४पासून त्या कलमाच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्यातल्या दाखल्याच्या नमुन्यात हॅश लिहावी लागते आणि दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही लागते. सही करणाऱ्याने उलटतपासणीत काय सांगायचं? बहुपर्यायी प्रश्नांचे गुण?

बड्या परीक्षाही खरं तर या वेड्यांच्याच बाजूच्या आहेत. ओएससीपी या हॅकिंगच्या परीक्षेत २३ तास ४५ मिनिटं प्रत्यक्ष यंत्रणा भेदायच्या आणि पुढच्या २४ तासांत अहवाल लिहून द्यायचा. अहवाल कच्चा असेल तर भेदलेल्या यंत्रणांचे गुणही जातात. सीआयएसएसपीला आठपैकी किमान दोन क्षेत्रांत मिळून पाच वर्षांचा अनुभव लागतो. पदवीमुळे फार तर एक वर्ष माफ होतं. अनुभवाआधी पास झालात तर फक्त 'असोसिएट'. मग बाविसाव्या वर्षी त्यासाठी कर्ज कशाला काढायचं? सॅन्सचा कोर्स आणि जीआयएसीची परीक्षा यांचा खर्च लाखांत जातो. तो नोकरी देणाऱ्या कंपनीनेच करावा. स्वतः आधी नेटवर्क, लिनक्स शिकावं, मग हवी तर सिक्युरिटी प्लस ही पायाभूत परीक्षा. तिची मुदतही तीनच वर्षांची, म्हणून नोकरीसाठी अर्ज करायच्या सुमारास दिलेली बरी.

अशा मुलामुलींच्या आईवडिलांना माझी एकच विनंती आहे: पुढच्या परीक्षेची फी भरण्याआधी त्याला किंवा तिला एक राइट ब्लॉकर घेऊन द्या, आणि वर्षभर तारखा विचारू नका.