नानांचा औदुंबर

प्रत्येक सार्वजनिक वाचनालयात एक नाना असतात. पंख्याखालची खुर्ची त्यांची. नोकरी पाटबंधारे खात्यात झालेली, पेन्शन चालू, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. कथा-कादंबऱ्यांच्या वाटेला ते जात नाहीत. नाना फक्त अर्थ लावतात, आणि तोही एकाच कवितेचा. आमच्या जळगावकडच्या नानांनी बालकवींची 'औदुंबर' धरली आहे.

कविता उणीपुरी आठ ओळींची. झरा, टेकडीकडचं लहानसं गाव, शेतं, डोहाकडे निघालेली पायवाट आणि शेवटी पाण्यात पाय सोडून बसलेलं ते झाड. संपलं. राहिलेलं सगळं नानांना सांगावं लागतं. समीक्षकांनीही या आठ ओळींवर पानंच्या पानं खर्ची घातली आहेत. नाना त्यांना नावं ठेवत नाहीत. "विद्वान माणसं आहेत हो, पण त्यातल्या कुणी चारी तरी खणलीय का?" एवढंच विचारतात.

सुरुवात "मला आपलं असं वाटतं" अशी नम्र असते. एवढं ऐकून जो उठला तो वाचला.

नोकरीत होते तेव्हा औदुंबर म्हणजे सेक्शनमधला प्रामाणिक ओव्हरसियर. सगळे वाहत्या गंगेत हात धुऊन घेतायत आणि हा बापडा नुसते पाय सोडून बसलाय! पुढे भावकीत जमिनीचा दावा लागला. पायवाट वाकडीतिकडी का? चुलत्याने बांध कोरला म्हणून. टेकडीकडच्या घरांपैकी चुलत्याचं कुठलं, तेही त्यांनी मुक्रर करून टाकलं. दाव्यात तडजोड झाली आणि झाड पुन्हा विरक्त झालं. मुलगा टेक्सासला गेला त्या वर्षी पायवाट मुलाची झाली आणि झाड यांचं. तो अर्थ मात्र नानांनी एकदाच सांगितला आणि लगेच सगळ्यांना चहा मागवला.

बालकवी धरणगावचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले, हा नानांचा आणखी एक हुकमी पत्ता. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं, तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या कोवळ्या पोराची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. हे नाना असं सांगतात की शामियान्याचे बांबू यांनीच रोवले असावेत.

एकदा एका तरुण प्राध्यापकाने त्यांना वनस्पतिशास्त्र सुनावलं. उंबर पाण्याच्या कडेलाच वाढतो, त्यात विरक्ती कसली? आणि त्याला फूल नसतं म्हणतात तेही खोटं. फुलं फळाच्या आत असतात, बारीक कीटक आत शिरतात तेव्हा कुठे परागीभवन होतं. नाना गप्प झाले. आम्हाला वाटलं, मिटलं प्रकरण. दुसऱ्या दिवशी ते ताजा अर्थ घेऊनच हजर. "फूल आत आहे! वाचकाने किड्यासारखं आत शिरायचं. कीर्तिकर वनस्पतींतले जाणकार, औषधी झाडांवर एवढा ग्रंथ केलेला माणूस. त्यांना हे कळलं होतं. उगीच नाही पदवी दिली!" 'औदुंबर' तेव्हा लिहून तरी झाली होती का, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. प्राध्यापक हल्ली बालविभागात बसून वाचतात.

माझ्या मते नानांचे सगळेच अर्थ भलतीकडचे. पण त्यांना आठही ओळी कानामात्रेसकट पाठ आहेत. परीक्षेत याच कवितेच्या रसग्रहणाचे गुण पदरात पाडून घेतलेले आम्ही चौथ्या ओळीला अडखळतो.

मध्यंतरी त्यांचा घोटा सुजला. भेटायला गेलो तर गरम पाण्याच्या बादलीत मीठ घालून, पाय सोडून बसलेले. मला पाहताच चेहरा उजळला.

"आत्ता कळलं! विरक्त वगैरे काही नाही तो. पाय दुखतायत त्याचे. इतकी झाडं नुसती उभी आहेत जन्मभर, आणि हा एकटा बसलाय, तो का? मला आपलं असं वाटतं..."

लग्नाला चाळीस वर्षं होऊनही काकूंच्या तोंडी नानांचं नाव कधी आलेलं नाही. 'अहो'वर संसार झाला. त्या फडकं घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "औदुंबर, पाय काढा. बादली हवीय मला, फरशी पुसायचीय."